डी-२८ची कुळकथा

गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पैशाची अडचण नसती तर कुठली घेतली असतीस? दहातल्या चार-पाचांच्या तोंडी तरी मार्टिन कंपनीच्या डी-२८चं नाव येईल. ज्याला मॉडेलचं नाव ठाऊक नाही, त्याच्या डोळ्यांसमोरही आकृती तीच उभी राहते: रुंद खांदे, कमरेला जेमतेम बाक, खोल पोट, वर फिकट पिवळसर फळी आणि मागे-कडेला काळपट तांबूस लाकूड. या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. मुंबईत धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत पाच-सात हजारांना मिळणारी शिकाऊ गिटारही बहुधा याच घाटाची असते आणि काचेच्या कपाटात ठेवलेली, काही लाखांची गिटारही याच घाटाची. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या हातात ती होती. १९६८ मध्ये बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी ऋषिकेशला महर्षींच्या आश्रमात गेले, तेव्हा त्यांच्या सामानात डी-२८ होत्या.

एवढी मान्यता असलेल्या वस्तूबद्दल आपला एक समज होऊन बसतो. कुणीतरी थोर कारागीर कधीतरी आदर्श आवाजाचा ध्यास घेऊन बसला असेल आणि त्यातून हे वाद्य साकारलं असेल, असं वाटतं. जाहिरातींची भाषाही तशीच असते. पण या गिटारीचा माग काढत मागे गेलं की असा कुणी भेटत नाही. भेटतात ते भांडणारे सुतार, हवाईहून आलेले गवय्ये, एक घाईतला बँजोवाला, एक ब्रिटिश युद्धनौका, दुरुस्तीच्या खर्चाला वैतागलेला कारखाना आणि ब्राझीलचं सरकार. यांतल्या प्रत्येकानं आपापल्या कामापुरतं काही केलं, आणि त्या सगळ्याची बेरीज आज ‘स्वप्नातली गिटार’ म्हणून विकली जाते.

सुरुवात सुतारांपासून. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन हे वाद्यकारांचं गाव. तिथे योहान गेओर्ग मार्टिन हा लाकडी सामान बनवणारा कारागीर गिटारीही बनवत असे. त्याचा मुलगा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन, जन्म १७९६, व्हिएन्नाला जाऊन योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली तयार झाला. गावी परतला तर तिथे तंटा पेटलेला. त्या काळी प्रत्येक धंदा कारागिरांच्या संघाच्या मुठीत असे. व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं की वाद्यं बनवण्याचा हक्क आमचा; सुतारांनी खुर्च्या-कपाटं करावीत, वाद्याला हात लावू नये. सुतारांचं उत्तर असं, की गिटार हे वाद्य या भागात अलीकडेच आलेलं, तुमच्या सनदेत त्याचा उल्लेखच नाही, मग मक्तेदारी कसली? १८२६ मध्ये तक्रार झाली, १८३२ मध्ये पुन्हा झाली. निकाल सुतारांच्या बाजूनं लागला. तरीही १८३३च्या नोव्हेंबरात ख्रिश्चन मार्टिन कुटुंबासह न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. हडसन स्ट्रीटवर त्यानं दुकान थाटलं, पाच-सहा वर्षांनी ते आवरलं आणि पेनसिल्व्हेनियात नाझरेथ नावाच्या मोरेव्हियन पंथीयांच्या वस्तीत जाऊन स्थिरावला. कारखाना आजही नाझरेथलाच आहे.

मला या भांडणात व्हायोलिनवाल्यांचा राग समजू शकतो. व्हायोलिनची पाठ आणि पोट जाड लाकडातून कोरून काढतात. तो घुमट हाताला साधायला वर्षं जातात. गिटार ही मूळची पेटीच. पातळ सपाट फळ्या, वाफेवर किंवा गरम लोखंडावर वाकवलेल्या कडा, आतून आधाराच्या पट्ट्या. हे सुताराच्या हाताचं काम आहे आणि डी-२८ उघडून पाहिली तर अजूनही तसंच दिसतं.

आतल्या पट्ट्यांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गिटारीचा आवाज म्हणजे बऱ्याच अंशी वरची फळी आणि या पट्ट्या. फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. तारांचा ताण तिला ब्रिजपाशी वर ओढत असतो. पट्ट्या नसतील तर ती फुगेल, फाटेल. पट्ट्या फार दणकट केल्या तर ती हलणारच नाही आणि आवाज मरेल. श्टाउफरच्या पद्धतीत शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या असत. न्यूयॉर्कमध्ये मार्टिनची गाठ स्पॅनिश गिटार वाजवणाऱ्यांशी पडली. त्यांच्या वाद्यांत पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. १८४०च्या दशकात मार्टिन आणि त्याच्याभोवतीच्या जर्मन कारागिरांच्या कामात तिसरीच रचना दिसू लागते: दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून इंग्रजी एक्स अक्षरासारखी फुली करतात. मादाम दे गोन्यी या स्पॅनिश वादिकेसाठी १८४३ मध्ये बनवलेली गिटार या रचनेचा सर्वांत जुना नमुना समजली जाते.

गंमत अशी की तेव्हा या फुलीची फारशी गरज नव्हती. तारा होत्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. त्यांचा ताण कमी. स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेसनं पंख्याची रचना घोटून पुढे जी गिटार घडवली, तिच्यातूनच आजची क्लासिकल गिटार आली, आणि ती तातीच्या, पुढे नायलॉनच्या तारांवर सुखेनैव नांदते आहे. मार्टिनच्या फुलीची ताकद साठ-सत्तर वर्षं अंगावर पडून होती. मग पोलादी तारा आल्या. त्यांचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो. तो सोसणारी रचना तयारच होती.

पोलादी तारा सर्वदूर पोचवण्याचं मोठं श्रेय हवाई बेटांकडे जातं. १८३०च्या दशकात गुरं राखायला तिथे मेक्सिकन गुराखी बोलावले गेले आणि त्यांच्याबरोबर गिटारी आल्या. हवाईच्या लोकांनी त्या आपल्या गळ्याला जुळतील अशा वेगळ्या सुरांत लावून घेतल्या. पुढे १८८९च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलानं गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवण्याची तऱ्हा पक्की केली. ही मींड तातीवर नीट निघत नाही; तिला पोलादच हवं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालव्याच्या निमित्तानं जागतिक प्रदर्शन भरलं. दीड कोटीहून जास्त लोक ते पाहून गेले. हवाईच्या मंडपातलं संगीत ऐकून देशभर असं वेड लागलं, की युकुलेली आणि मांडीवरच्या गिटारी पुरवता पुरवता कारखान्यांची दमछाक झाली. मार्टिनही त्यांत होती. शिकागोचे लार्सन बंधू आधीपासून पोलादी तारांना पेलतील अशा गिटारी बनवत होते. मार्टिननं १९२२च्या सुमारास आपल्या एका स्वस्त मॉडेलला पोलादी तारा कायमच्या लावल्या आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळपास सगळा कारखाना पोलादावर आला.

हीच लाट हिंदुस्थानातही येऊन आपटली. टाउ मो हा हवाईयन वादक १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिला, तिथे शिकवत-वाजवत राहिला. रेडिओवर आणि तबकड्यांवर हिंदी चित्रपटगीतं हवाईयन गिटारीवर वाजू लागली. व्हॅन शिप्लेच्या तबकड्या ज्यांच्या घरी होत्या, त्यांना तो लांबणारा, किंचित रडवेला सूर आठवेल. ब्रिजभूषण काबरांनी त्याच वाद्यावर रागदारी वाजवली, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीला त्यांची गिटार घराघरांत गेली. आपल्याकडे मांडीवरच्या गिटारीला रागसंगीतात जागा मिळाली. उभ्या धरून वाजवायच्या गिटारीला मुख्यतः सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणि गोव्यात मिळाली.

याच हवाईच्या वेडात, १९१६ साली, ड्रेडनॉटचा जन्म झाला. बॉस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या संगीत-व्यापारी कंपनीला स्वतःच्या नावाच्या गिटारी हव्या होत्या. तिच्या न्यूयॉर्क शाखेचा हॅरी हंट आणि मार्टिनकडचे फ्रँक हेन्री मार्टिन यांच्या बोलण्यातून तीन आकार ठरले. त्यांतला सर्वांत मोठा आकार त्या काळच्या मानानं अवाढव्य. त्याच वर्षी मेकिया केआलाकाई या हवाईयन बँडमास्तरानं मार्टिनकडून आपल्यासाठी एक थोराड गिटार बनवून घेतली होती, आणि ड्रेडनॉटचं बीज तिच्यातच आहे असं काही अभ्यासक मानतात. मला हे पटतं. मोठ्या आवाजाची भूक त्या वेळी हवाईच्या वादकांनाच सर्वांत जास्त होती.

मोठ्या आकाराला नाव द्यायचं, तर तेव्हा मोठेपणाचं सर्वांत गाजलेलं प्रतीक होतं ब्रिटिश आरमाराची १९०६ची एचएमएस ड्रेडनॉट. दहा अवजड तोफांची ही नौका पाण्यात उतरली आणि जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या. पण गिटारीला तिचं नाव मिळालं तोवर ती स्वतःच मागे पडली होती. १९२१ मध्ये ती भंगारात विकली गेली. गिटारीचीही अवस्था फार बरी नव्हती. डिटसनच्या शिक्क्याच्या त्या भल्यामोठ्या गिटारी थोड्याच खपल्या आणि १९३१च्या सुमारास डिटसनचा कारभारच आटोपला. मार्टिननं तो आकार आपल्या नावावर घेतला. डी-१ आणि डी-२ अशी दोन मॉडेलं निघाली, लवकरच त्यांचीच डी-१८ आणि डी-२८ झाली. १८ला मागे महोगनी, २८ला रोजवुड. सारा देश मंदीत बुडालेला असताना, दुसऱ्याचं फसलेलं मॉडेल उचलून काढलेली ही गिटार. तिच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवल्या असतील असं वाटत नाही.

अजून तिला आजचं रूप नव्हतं. तिची मान आखूड होती. पेटीच्या कडेपर्यंत बाराच फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मोकळे मिळत. चौदा फ्रेट मिळाले ते बँजोवाल्यांमुळे. अटलांटाचा पेरी बेक्टेल हा नावाजलेला बँजोवादक. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बँजोची हवा ओसरत होती आणि वाद्यवृंदांत गिटारीला मागणी येत होती. बँजोची लांब मान सवयीची असलेल्या माणसाला गिटारीच्या वरच्या फ्रेटवर हात पोचेना. त्यानं मार्टिनकडे लांब मानेची गिटार मागितली. १९२९ मध्ये मार्टिननं एका मधल्या आकाराच्या पेटीचे खांदे वरून दाबून ती बुटकी केली, त्यामुळे मान चौदाव्या फ्रेटपर्यंत मोकळी झाली. हीच ओएम-२८, ऑर्केस्ट्रा मॉडेल. युक्ती इतकी चालली की १९३४ पर्यंत ड्रेडनॉटलाही चौदा फ्रेट आले. खांदे चौकोनी झाले, ब्रिज फळीवर थोडा वर सरकला आणि आवाजाचा पोत बदलला. जुन्या बारा-फ्रेटच्या आवाजात गोडवा जास्त, नव्यात टोक जास्त. आज दुकानात बारा-फ्रेटची मोठी गिटार अपवादानं दिसते. एका बँजोवाल्याच्या बोटांची सोय साऱ्या जगाच्या माथी बसली, असं मी म्हणेन; पण मला बारा-फ्रेटचा आवाज आवडतो, तेव्हा माझं म्हणणं पक्षपाती आहे.

तिचं नशीब फिरलं ते रेडिओमुळे. एकाच मायक्रोफोनसमोर गाणारा, फिडल, बँजो, मँडोलिन असे सगळे उभे राहिले की लहान गिटार ऐकूच येत नसे. ड्रेडनॉटचा खर्ज त्या गर्दीतून निघे. १९३३ मध्ये जीन ऑट्रीनं, जो पुढे सिनेमातला गाणारा काउबॉय म्हणून गाजला, स्वतःसाठी नखशिखांत शिंपल्यांचं जडावकाम केलेली गिटार बनवून घेतली, फ्रेटबोर्डवर मोत्याच्या अक्षरांत स्वतःचं नाव घालून. ती पहिली डी-४५. १९४२ पर्यंत अशा एक्क्याण्णवच झाल्या, आणि आज गिटारींच्या बाजारात त्यांच्याएवढा दबदबा क्वचितच दुसऱ्या कुणाचा. डी-२८ तेवढी श्रीमंत नव्हती. तिच्या फळीच्या कडेला बारीक काळ्या-पांढऱ्या तिरप्या रेघांची लाकडी नक्षी असे, माशाच्या काट्यासारखी दिसणारी. ‘हेरिंगबोन’ हा शब्द आज संग्राहक ज्या श्रद्धेनं उच्चारतात तो याच पट्टीसाठी.

या पट्टीची कथाही अशीच. ती जर्मनीहून येई. महायुद्ध पेटलं, माल येणं थांबलं, शिल्लक साठा १९४७च्या सुरुवातीपर्यंत पुरला आणि संपला. मग साधी पट्टी आली. १९४४च्या अखेरीस त्याहून मोठा बदल झाला होता, फळीच्या आत, न दिसणारा. तोवर आतल्या पट्ट्या मधेमधे खोलगट तासून हलक्या करत. त्यामुळे फळी मोकळी हलायची. पण वादक जाड, भारी तारा चढवत आणि फुगलेल्या फळ्या दुरुस्तीसाठी कारखान्याकडे येत. दुरुस्तीचा भुर्दंड कारखान्याला. शेवटी तासणंच बंद केलं. पट्ट्या सरळ, जाड राहिल्या. गिटारी टिकाऊ झाल्या आणि त्यांचा आवाज थोडा आखडला. त्याच सुमारास वरच्या फळीचं लाकूडही बदललं: अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतलं लाल स्प्रूस मोठ्या मापात मिळेनासं झालं, तेव्हा अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाकडचं सिट्का स्प्रूस आलं. तेच आजही बहुतेक गिटारींवर असतं.

हे सगळं तेव्हा कुणाला फारसं जाणवलं नाही. पन्नास-साठच्या दशकांत लोकसंगीताची लाट आली, तरुण मुलं जुन्या तबकड्या ऐकू लागली, आणि आपल्या नव्या गिटारीतून तसा आवाज का येत नाही हे शोधताना त्यांना तीसच्या दशकातल्या जुन्या गिटारी सापडल्या, बहुतेक गहाणवट्यांच्या दुकानांत. मग यादी तयार झाली: तासलेल्या पट्ट्या, लाल स्प्रूस, हेरिंगबोन, ब्राझीलचं रोजवुड. युद्धाआधीच्या डी-२८ची किंमत चढत गेली. १९७६ मध्ये मार्टिननं एचडी-२८ काढली. तासलेल्या पट्ट्या आणि हेरिंगबोन दोन्ही परत आणले. ज्या गोष्टी टंचाईनं आणि काटकसरीनं गेल्या होत्या, त्या आता मुद्दाम, जास्त पैसे घेऊन, बनवल्या जाऊ लागल्या. आवाजाशी पट्ट्या तासण्याचा संबंध खरोखर आहे. हेरिंगबोनचा काडीचाही नाही. पण विकताना दोन्ही एकाच दमात सांगतात.

राहिलं रोजवुड, आणि इथे कथा आपल्या अंगणात येते. जुन्या मार्टिनच्या मागे असायचं ते ब्राझीलचं रोजवुड, डाल्बर्जिया नायग्रा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलनं अखंड ओंडक्यांची निर्यात रोखली. चिरकाम आमच्याच देशात होऊ दे, असा हेतू. मार्टिनला चिरलेला तयार माल नको होता, तिला आपल्या पद्धतीनं ओंडके चिरायचे होते. १९६९ मध्ये तिनं नेहमीच्या मॉडेलांसाठी दुसरं लाकूड घेतलं: डाल्बर्जिया लॅटिफोलिया. म्हणजे आपली शिसव. वाड्यांतले पलंग आणि झोपाळे, देव्हारे, गोव्यातल्या जुन्या घरांतल्या कोरीव खुर्च्या ज्या लाकडाच्या, तेच. सह्याद्रीत ते रानात वाढतं. गिटारींसाठी जाणारं बरंचसं लाकूड दक्षिणेकडच्या जंगलांतून आणि कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेल्या झाडांमधून येतं. संग्राहकांच्या लेखी मात्र १९६९ ही सीमारेषा झाली. अलीकडची गिटार आणि पलीकडची गिटार, दोन्ही त्याच कारागिरांच्या हातच्या, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. ब्राझीलचं झाड १९९२ मध्ये संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक यादीत गेलं, तेव्हा हा फरक आणखी वाढला.

शिसवेच्या वाटेतही कायदा आला. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सन या दुसऱ्या मोठ्या गिटार कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले. ज्या देशातून लाकूड आणलं त्या देशाचा कायदा मोडला असेल तर तो अमेरिकेतही गुन्हा, असं तिथला कायदा सांगतो. वादातला माल भारतातून आलेल्या फ्रेटबोर्डच्या पट्ट्या होता, शिसव आणि आबनूस. भारताच्या नियमांप्रमाणे सहा मिलिमीटरहून जाड, अर्धवट कामाचं लाकूड बाहेर जाऊ द्यायचं की नाही, यावर सगळं अडलं. अमेरिकेत यावरून राजकारणही रंगलं. २०१२ मध्ये गिब्सननं तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं, पण ते मादागास्करच्या आबनुसाबद्दल. भारतीय लाकूड अखेर परत मिळालं, कारण भारताचा नियम नक्की काय म्हणतो याबद्दल सरकारलाच खात्री नव्हती. पुढे २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया कुळातल्या सगळ्याच जाती त्याच आंतरराष्ट्रीय करारात आल्या आणि गिटारीबरोबर परवान्याचे कागद फिरू लागले. वाद्यकारांनी, वादकांनी आणि आपल्याकडच्या हस्तव्यवसाय निर्यातदारांनीही ओरड केली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे शिसव फळ्यांच्या रूपात पेनसिल्व्हेनियाला जाते, तिथे तिची गिटार होते आणि ती आयातकर भरून मुंबईला परत येते. पाच-सात हजारांची गिटार घेणाऱ्याच्या नशिबी शिसव नसतेच; तिथे असतात प्लायवुडच्या थरांवर रंग.

आता खरा प्रश्न: मागच्या लाकडानं आवाज किती बदलतो? तोरेसला हाच प्रश्न पडला होता. १८६२ मध्ये त्यानं एक गिटार बनवली, वरची फळी उत्तम स्प्रूसची आणि पाठ-कडा कागदी लगद्याच्या. आवाज फळीतच असतो हे त्याला दाखवायचं होतं. ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असंच काही जास्त काटेकोरपणे केलं. एकाच कारागिराकडून सहा गिटारी घडवून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या, त्यांत ब्राझीलचं रोजवुडही आणि स्वस्त महोगनीही. बावन्न गिटारवादकांना वेल्डरचे काळे गॉगल घालून, मंद प्रकाशात त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसत नसताना महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांत वादकांना फारसा फरक सांगता आला नाही. संग्राहकांना हे ऐकवून पाहा. ते चाचणीतल्या खोलीला दोष देतील.

म्हणून निवड करताना मी मागच्या लाकडावर पैसे घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नये असं मला वाटतं. वरची फळी अखंड स्प्रूसची हवी, पट्ट्या हलक्या हव्यात; त्यावर खर्च करावा. आकाराचा विचार त्याहूनही आधी. ड्रेडनॉट ही माइकसमोर गर्दीत उभं राहून, पिकनं जोरात कॉर्ड वाजवणाऱ्यासाठी वाढलेली जात आहे. घरी बसून बोटांनी वाजवायचं असेल, किंवा हळू गळ्याला साथ करायची असेल, तर लहान पेटी बरी. ड्रेडनॉटचा खर्ज तिथे गायकावर चढून बसतो. १९९२ मध्ये एरिक क्लॅप्टननं ‘अनप्लग्ड’साठी १९३९ची ट्रिपल-ओ-४२ घेतली आणि इतकी वर्षं झाकोळलेल्या त्या लहान घाटाला पुन्हा गिऱ्हाईक आलं. आपल्याकडे हवेचाही हिशेब आहे. अखंड लाकडाच्या गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा मानवतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर चढतात, बोटं दुखतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तीच फळी सुकून चिरते. ज्याला केसमध्ये दमटपणा राखण्याची कटकट नको, त्यानं वरची फळी अखंड आणि पाठ लॅमिनेटची अशी गिटार घेतली तर त्यात कमीपणा काही नाही.

किमतीवरून आवाज ओळखू पाहणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसं आहे. १९५९ मध्ये मार्टिननं डी-१८ला विजेचे पिकअप जोडून डी-१८ई काढली. फळीवर बटणं आणि धातूचा भार. धड अकूस्टिक नाही, धड इलेक्ट्रिक नाही. तीनशे दोन नग निघाले आणि मॉडेल बंद झालं. त्यांतला एक कर्ट कोबेननं निर्वाना या बँडच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवला. २०२० मध्ये तो लिलावात साठ लाख डॉलरहून जास्तीला गेला.

ड्रेडनॉटवाल्यांच्या दृष्टीनं मात्र सर्वांत पूज्य नग दुसराच आहे, १९३५ची एक डी-२८. ती क्लॅरेन्स व्हाइट या किशोरवयीन गिटारवादकानं सांता मोनिकाच्या मॅकेब्ज दुकानातून जुन्या-मोडक्या मालाच्या भावात घेतली. तिची अवस्था तशीच होती. मूळचा फ्रेटबोर्ड जाऊन ग्रेच कंपनीचा, खुणा नसलेला बसवलेला. फळीवरच्या गोल छिद्राची कड झिजली-तुटली म्हणून पूर्वीच कुणीतरी ती कापून छिद्र मोठं केलेलं. त्यामुळे खर्ज थोडा आवरला आणि वरचे सूर सुटे, ठसठशीत उमटू लागले. ब्लूग्रास संगीतात तोवर गिटार मुख्यतः ठेका धरायची. व्हाइटनं या गिटारीवर सुटे सूर वाजवून ती पुढे आणली. १९७३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाच्या धडकेत तो गेला. लहानपणी ती गिटार त्याच्या हातात पाहिलेल्या टोनी राइस या गिटारवादकानं तिचा छडा लावून १९७५ मध्ये साडेपाचशे डॉलरला ती मिळवली आणि २०२० मध्ये मरेपर्यंत जपली. १९९३च्या वादळात फ्लोरिडातल्या त्याच्या घरात पाणी शिरून ती भिजली, तरी दुरुस्त होऊन वाजू लागली.

जाणकाराकडे ही गिटार दोष दाखवायला नेली असती तर त्यानं पहिलं बोट त्या वाढलेल्या छिद्रावर ठेवलं असतं. कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ कंपनीनं टोनी राइसच्या नावानं मॉडेल काढलं, ते त्याच छिद्रासह. मग मार्टिननंही काढलं, एचडी-२८एलएसव्ही. त्यातल्या एल आणि एस या अक्षरांचा अर्थच मोठं छिद्र. आता ते यंत्रावर मापात कापलं जातं, नव्याकोऱ्या फळीत, आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन मोठ्या छिद्राचीच दाखवा असं सांगतं.